श्टाईन आम ऱ्हाईन

मागच्या शनिवारी लॅपटॉप बंद केला आणि झुरिकहून श्टाईन आम ऱ्हाईन गाठलं. स्टेशन नदीच्या अलीकडे, पूल ओलांडला की जुनं गाव. टाऊन हॉलच्या चौकात पोचलो आणि मान वरच राहिली. एकाला लागून एक घरं, भिंतीभर रंगीत चित्रं, पुढे आलेल्या नक्षीदार खिडक्या! १९७२ साली जुनं गाव नीट जपल्याबद्दलचं पहिलं वाकर पारितोषिक यांनाच मिळालं.

मनात म्हटलं, यांना काय, लढाईची झळ कुठे लागली? पुण्याचा आमचा वाडा बिल्डरला देताना मी हेच बोललो होतो. ज्यांना परवडतं त्यांनी जपावं! आई गप्पच बसली होती.

मग कळलं, २२ फेब्रुवारी १९४५ला अमेरिकन विमानांनी चुकून इथेच बॉम्ब टाकले. नऊ माणसं गेली. उंटरटोर ही गावाची वेसही पडली. ती त्यांनी पुन्हा बांधली. मी तिच्याखालून दोनदा गेलो होतो, मला पत्ताही लागला नाही.

रात्री आईचा फोन. "कसं आहे रे गाव?"

"छान आहे," म्हटलं. वेशीचं काही बोललो नाही.