सज्ञान

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला शब्दांशी भांडत बसण्याची खोड असते. हल्ली माझे भांडण ‘सज्ञान’ या शब्दाशी चालू आहे. सातबाराच्या उताऱ्यावर ‘अ.पा.क.’ अशी अक्षरे पुष्कळांनी पाहिली असतील. ‘अज्ञान पालनकर्ता’, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाच्या वतीने कारभार पाहणारा वडीलधारा. कायद्याच्या लेखी मूल अठरा वर्षे पुरी होईपर्यंत अज्ञान आणि ती होताच सज्ञान! एका रात्रीत एवढे ज्ञान कोठून येते, हे मात्र कायदा सांगत नाही.

आमचे चिरंजीव यंदा सज्ञान झाले. चार वर्षांपासून त्यांना मंत्रचळाचा आजार आहे. हा शब्द आपण थट्टेने वापरतो. पण ज्या घरात एक आंघोळ अडीच तास चालते आणि दाराची कडी पुन्हा पुन्हा चाचपून पाहिली जाते, त्या घरात या शब्दाला कोणी हसत नाही. आजवर शाळेत डॉक्टरांची चिठ्ठी आणि माझी सही पुरत असे. अठरावे वर्ष सरले आणि माझ्या सहीची किंमत संपली.

आता प्रमाणपत्र काढणे आले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार दिले आहेत आणि मानसिक आजार हा त्यांपैकी एक आहे. दिव्यांगत्व 40 टक्के वा अधिक ठरले, तर सरकारी व अनुदानित महाविद्यालयांत किमान 5 टक्के राखीव जागांवर हक्क पोचतो. सरकारी नोकरीतही राखीव जागा आहेत. संजय गांधी निराधार योजनेचे मासिक अनुदान आहे, पण तिची उत्पन्नाची मर्यादा इतकी खाली आहे, की प्राध्यापकाचे घर तिच्यात बसत नाही. अर्ज करायचा तो ‘स्वावलंबन’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर. मदत मागण्याच्या दाराला हे नाव देणाऱ्याला विनोदबुद्धी असावी, किंवा मुळीच नसावी!

ही वार्ता नातेवाइकांत पोचायला वेळ लागला नाही. “कशाला कागदावर आणता? उद्या लग्नाचं बघायला गेलात म्हणजे?” लोकांचा हेतू वाईट नसतो. पण आजार कागदाने येत नाही आणि कागद फाडल्याने जातही नाही. आमच्या माघारी या मुलाचे काय, हा प्रश्न रात्री मला आणि त्याच्या आईला जागे ठेवतो. त्याला लग्नाच्या बाजारात उत्तर नाही.

“चाळीस टक्के पडले म्हणजे मी पास की नापास?” चिरंजीवांनी विचारले. वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासूनही मला त्याचे उत्तर देता आले नाही.

रुग्णालयात जी मोजपट्टी लावतात, तिच्यात चार गोष्टी पाहतात: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व समज आणि काम. प्रत्येकीला 0 ते 4 गुण. जितके गुण अधिक, तितकी अडचण मोठी. आजार किती वर्षांचा, हेही जमेस धरतात. आपल्या मुलांचे गुण सांगण्याची आपल्याला सवय. येथे त्याच्या देखत त्याला काय काय जमत नाही, याची यादी वाचायची! मी ती वाचली. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतली आणि त्याच्याकडे वळून विचारले, “तुला काय वाटतं?”

“बाबा सांगतात ते खरं आहे,” तो म्हणाला, “पण ते वाईट दिवसाचं आहे.”

“वाईट दिवस किती?”

त्याने क्षणभर विचार केला. “आठवड्यातून चार. कधी पाच.”

हा हिशेब आम्हांला कोणालाच इतका नेमका ठाऊक नव्हता. अर्जावर त्याने स्वतः सही केली. ती करायला त्याला वेळ लागला, पण कोणी घाई केली नाही.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आणखी एक हक्क दिला आहे. सज्ञान माणूस आपला प्रतिनिधी स्वतः नेमू शकतो. आजारपणात उपचारांचे निर्णय घेताना तो त्याला साहाय्य करतो. त्याला साधा कागद आणि सही पुरते. आमच्या चिरंजीवांनी आईचे नाव लिहिले. मी चौकशी केली, तेव्हा म्हणाले, “बाबा व्याकरण बघत बसतात.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ज्यांच्या घरी असे सतरा वर्षांचे मूल असेल, त्यांनी अठराव्या वाढदिवसाची वाट न पाहता त्याला शेजारी बसवून हे कागद वाचावेत. टक्के किती मिळतील, ते डॉक्टर ठरवतील. आपल्या दुखण्याची गोष्ट आपल्या तोंडाने सांगण्याची सवय मात्र घरातच लागावी लागते. आमच्या प्रमाणपत्राचा निकाल यायचा आहे. ‘सज्ञान’ या शब्दाशी असलेले माझे भांडण मात्र मी तूर्त मागे घेतले आहे.