गेले तसेच परतले

दोस्तांनो, गणितात भोपळा मिळालाय का कधी? मला मिळालाय. आणि तोही कसा, तर उत्तर माझ्याच कागदावर लिहिलेलं असताना!

आमचं गाव शिरड शहापूर. तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला, नि आम्ही तिकडचे झालो. मी दहावीत होतो. चाचणीत सरांनी गणित घातलं : य = क्ष² − ६क्ष + ११ चा आलेख काढा, शिरोबिंदू आणि सममिती अक्ष सांगा.

ह्या वक्राला म्हणतात अन्वस्त, म्हणजेच पॅराबोला. चिंचेवर भिरकावलेला दगड जी कमान करून खाली येतो ना, ती जवळजवळ हीच. (वाळत घालायच्या दोरीचा झोळ मात्र अन्वस्त नव्हे बरं का, नुसता तसा दिसतो. मला हे फार उशिरा कळलं!) माझं अन्वस्त उलटं होतं, वाटीसारखं. वाटीचा तळ तो शिरोबिंदू. त्यातून जाणारी उभी रेघ, जिच्यावर कागद दुमडला की दोन्ही बाजू एकमेकींवर नेमक्या बसतात, तो सममिती अक्ष.

सूत्र पाठ होतं. क्ष² चा सहगुणक अ, क्ष चा सहगुणक ब. तर अक्ष सापडतो ‘वजा ब भागिले दोन अ’ इथं. पण घाईत मी एक वजा गिळला. क्ष = −३ आलं, त्यावरून य = ३८. दिलं ठोकून!

पेपर हातात पडला तशी मी तो दप्तराच्या तळाशी दडवला. शाळा सोडून हळदीच्या रानात कामाला जायचं, असं मनाशी पक्कं केलं. संध्याकाळी ओट्यावर मुसमुसत बसलो होतो, तर आबा आले.

“काहून रडायलास रे?”

मी कागद पुढं केला. आबांना बीजगणित कुठलं यायला! पण आकडे वाचता यायचे. आलेखासाठी मी ० पासून ६ पर्यंत क्ष घेऊन य च्या किमती काढल्या होत्या, त्यावर त्यांचं बोट फिरलं : ११, ६, ३, २, ३, ६, ११.

“हे तर गेले तसेच परतले की रे! मधी दोन. मग हे अडतीस कुठून आणलंस?”

मी बघतच राहिलो. सगळ्यात खालचा आकडा २, तो क्ष = ३ पाशी. शिरोबिंदू (३, २)! मी तो स्वतःच काढला होता, फक्त त्याच्याकडं पाहिलं नव्हतं.

आबांना वावराचा मध्य काढायचा असला की ते दोर एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत ताणायचे, मग दोन्ही टोकं जुळवून दुमडायचे. घडी पडली तो मध्य. अन्वस्ताचंही तसंच आहे, बघा. सारख्या उंचीवरचे कुठलेही दोन बिंदू धरा, त्यांच्या बरोबर मधून अक्ष जातो.

पण ते दोन बिंदू शोधायचे कसे? सोपं आहे. ११ काही वेळ झाका. त्यानं वाटी फक्त वर उचलली जाते, डावी-उजवीकडं सरकत नाही. उरलं क्ष² − ६क्ष, म्हणजे क्ष(क्ष − ६). हे शून्य होतं क्ष ० असताना आणि ६ असताना. दोहोंचा मध्य ३. झालं! हेच आता अ आणि ब घेऊन करा. बिंदू मिळतात ० आणि वजा ब भागिले अ. त्यांचा मध्य काढा. सापडलं की नाही आपलं सूत्र? मी गिळलेला वजा तिथं का असतो, तेही कळलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला गेलो. तिथं डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. तीस तबकड्या, प्रत्येक ४५ मीटर रुंद, पोलादी तारांच्या जाळीची. आणि आकार? अन्वस्ताचाच! अक्षाला समांतर आलेल्या रेडिओलहरी अशा तबकडीवर आपटून एकाच बिंदूत जमतात. ती नाभी. खोडदला ती शिरोबिंदूपासून सुमारे १८.५ मीटरवर आहे. तबकडी भलतीकडं वळलेली असली, तर हव्या त्या ताऱ्याच्या लहरी नाभीत जमणारच नाहीत.

मी खाली उभा राहून वहीत मांडलं. दोन काठ सारख्या उंचीवर, मध्य २२.५ मीटरवर. २२.५ चा वर्ग भागिले १८.५ ची चौपट. काठापासून तळ साधारण ६.८ मीटर खोल. आबा असते तर म्हणाले असते, दोर आण, दुमडून बघू.

आता तुमची पाळी. य = क्ष² + ८क्ष + २०. शिरोबिंदू कुठं? वीस झाका आणि बघा. वजा मात्र गिळू नका हं!