बिननावाच्या काड्या

ॲक्वेरियमच्या दुकानात काडीचं नाव विचारलं, की उत्तर ठरलेलं: "प्लांट आहे, साहेब!" मग शनिवारी आमचं डीबगिंग सुरू. पेरावर पानं समोरासमोर? रोटाला किंवा हायग्रोफिला असू शकेल. पेराभोवती दातेरी पानांचं कडं? बहुतेक हायड्रिला.

पण मंडळी, घाई नको. रोटाला रोटुंडिफोलियाची पाण्याबाहेर वाढलेली पानं गोल, पाण्याखाली येणारी निमुळती. जुनी पानं गळाली तरी काडी फेकू नका. शेंड्याची नवी पानंच खरी ओळख सांगतात. मग शेंडा कापून वाळूत खोचा, पेरांतून मुळं फुटतात.

छाटलेले तुकडे मात्र मी वाळवूनच टाकतो. १९५० च्या दशकात मत्स्यालयांसाठी फ्लोरिडात नेलेल्या हायड्रिलाने तिथली तळी व्यापली. बिननावाची काडी तळ्यात सोडायची नाही, बस्स!