एका डोळ्याची खोली

आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. तेवढ्यानं दोन्ही डोळ्यांना दिसणारी चित्रं किंचित वेगळी होतात. मेंदू त्यांचं एक चित्र करतो आणि आपल्याला खोली कळते. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल्-हैसम यांनी 'किताब अल्-मनाझिर'मध्ये दोन डोळ्यांना एकच वस्तू कशी दिसते, याची बारकाईनं चर्चा केली. पुढं १८३८ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टोन यांनी आरशांच्या यंत्रातून दोन सपाट चित्रांची खोली दाखवून दिली.

कोयनानगरला आमच्या घरी ही विद्या २००२ मध्ये आली, ती भाच्याच्या पिशवीतून. तो कराडला इंजिनिअरिंगला होता. काळसर काचांचा चष्मा, त्याची वायर कॉम्प्युटरला जोडलेली. मॉनिटर तेव्हाचा, पेटीसारखा. पडद्यावर सेकंदाला १२० चित्रं यायची. एक डाव्या डोळ्याचं, एक उजव्या. त्याच तालावर चष्म्याची एकेक काच आळीपाळीनं काळी व्हायची. प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला ६० चित्रं. ट्यूबलाइट बंद करावी लागायची, नाहीतर तिची थरथर चष्म्यातून जाणवायची.

भाच्यानं अब्बांच्या शिलाई मशिनीचा एक फोटो काढला, कॅमेरा थोडा बाजूला सरकवून दुसरा काढला आणि दोन्ही कॉम्प्युटरवर चढवले. चष्मा लावला की मशिनीची सुई पडद्याबाहेर येऊन उभी राहायची. पोरं हात पुढं करून ती धरायला बघायची.

अब्बा हे सगळं बाजेवर बसून ऐकत होते. लहानपणी देवी आल्या त्यात त्यांचा डावा डोळा गेला होता. घरात हा विषय कुणी काढत नसे. गिऱ्हाइकांनाही ते मान थोडी वळवूनच बोलायचे. त्यांनीच हाक दिली, "मेरेकू भी लगा रे." अम्मीनं माझ्याकडं पाहिलं. नाही म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ गप्प. मग डोकं डावीकडं नेलं, उजवीकडं नेलं. म्हणाले, "खऱ्या मशिनीपुढं डोकं हलवलं की सुई सरकते, मागची भिंत तिथंच राहते. यात सगळं एकदम सरकतंय. ही सुई खोटी आहे."

भाचा चकित झाला. अब्बांनी नेमकी उणीव धरली होती. तो चष्मा दोन डोळ्यांचा फरक दाखवायचा. डोकं हलवल्यावर दिसणारा फरक त्याच्याजवळ नव्हता. आणि अब्बांची सगळी दुनिया त्या दुसऱ्या फरकावर उभी होती. भूकंपानंतर, १९६७ च्या डिसेंबरनंतर, पुन्हा उभ्या केलेल्या पत्र्याच्या दुकानात ते याच रीतीनं सुई ओवत होते. मान जराशी हलवून, दोऱ्याचं टोक नेढ्याला टेकवून.

मग भाच्यानं मोटारगाडीचा खेळ लावला. गाडी धावू लागली, जवळची झाडं भराभर मागं पडू लागली, डोंगर सावकाश सरकू लागले. अब्बांनी चष्मा काढून ठेवला आणि हसले, "हे कुंभार्ली घाटासारखं दिसतंय."

त्या रात्री जेवताना त्यांनी आपण होऊन नातवाला देवीची हकिगत सांगितली. आम्ही भावंडांनीही ती पहिल्यांदाच पुरी ऐकली.

असे चष्मे २००९ नंतर नव्या सपाट पडद्यांसाठीही निघाले. पण घरोघरी काही रुजले नाहीत. अब्बा २०११ साली गेले. त्यांनी शिवलेला शेवटचा सदरा माझ्याकडं आहे. त्याची सगळी काजं एका रेषेत आहेत.