पहिली दोन मिनिटे

लोणारच्या सरोवरावर एक अद्भुत चित्रपट काढावयाचे आमच्या विद्यार्थ्यांनी मनावर घेतले आणि त्याचा प्रारंभ लिहिण्याचा मान मजकडे आला. लवणासुराचे भुयार, विष्णूने अंगठ्याने उडविलेले त्याचे झाकण, २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालेले पाणी, असे सारे मी दोन मिनिटांच्या निवेदनात कोंबले. 'सर, हे संपेपर्यंत मुले उठून जातील,' एक विद्यार्थिनी भीतभीत म्हणाली. तीस वर्षे व्याख्याने झोडणाऱ्याला ते झोंबले, हे कबूल केलेच पाहिजे.

त्या रात्री दादासाहेब फाळक्यांचा १९१९ चा 'कालियामर्दन' पाहिला. आरंभी त्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी नुसत्या चेहऱ्याने नाना भाव दाखविते आणि पाहता पाहता त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. अद्भुत पटते ते असे, ओळखीच्या मुखातून उगवले म्हणजे!

सकाळी माझे निवेदन मीच फाडले. आता प्रारंभी काठावरचा एक मुलगा पाण्यात खडा टाकतो. खडा बुडतो, पण आवाज मात्र येत नाही. एवढेच.

शाळेत खेळ झाला तेव्हा पोरे श्वास रोखून बसली होती. माझ्या वर्गात इतकी उत्सुक शांतता कधी होती बरे, हे मी अंधारात आठवून पाहत होतो.