काट्यावरचा वाघ

वसुबारसेच्या संध्याकाळी फोन आला. जुन्नरकडच्या एका वस्तीवर विहिरीत वाघ पडला होता. त्या भागात बिबट्यालाही वाघच म्हणतात, त्यामुळे मी दचकले नाही. एवढंच विचारलं, "केवढा आहे?" पलीकडून उत्तर आलं, "कालवडीएवढा हाय बाई. म्या सोता बघितला."

हा प्रश्न मी नुसत्या कुतूहलापोटी विचारत नाही. वन्यप्राण्यांची डॉक्टर म्हणून माझं निम्मं काम या उत्तरावर अवलंबून असतं. बेशुद्धीच्या औषधाची मात्रा किलोवर ठरते, आणि ज्याचं वजन करायचं तो शुद्धीत असताना काही काट्यावर येत नाही. म्हणून आधी अंदाज, मग औषध, आणि खरं वजन सगळ्यात शेवटी. मात्रा कमी पडली तर जनावर अर्धवट गुंगीत अंगावर येतं. जास्त झाली तर त्याच्या जिवावर बेततं.

आम्ही पोचलो तेव्हा गावकऱ्यांनी चार दोरांनी बाज विहिरीत सोडली होती आणि तिच्यावर भिजलेला, दमलेला बिबट्या बसला होता. पिंजरा उतरवून त्याला वर काढलं, इंजेक्शन दिलं. या औषधाने पापण्या मिटत नाहीत, म्हणून डोळ्यांत मलम घालून वर फडकं बांधलं. मादी होती. वजनासाठी वस्तीवरचाच कांद्याच्या गोण्यांचा टांगता काटा मागून घेतला. झोळीत घालून तिला टांगलं. काटा 36 किलोवर थांबला. कांद्याची भरली गोणी याहून जड असते. बांबूला खांदा दिलेले आजोबा बराच वेळ काट्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "काटा मारतोय बाई. कांद्यालाबी असाच मारतो."

काटा बरोबर होता. आपल्याकडची बिबट्याची मादी साधारण 30 ते 40 किलोंची आणि नर 50 ते 70 किलोंचा. पण अंधारात टॉर्चच्या झोतात चमकलेले दोन डोळे कुणी किलोत मोजत नाही. मऊ चिखलात पंजाचा ठसा पसरतो, तो पाहणाऱ्याच्या मनात वाघही पसरतो.

ही खोट फक्त गावकऱ्यांच्या नजरेत नाही. शिकारीच्या काळात साहेब आणि संस्थानिक वाघ दोन रीतींनी मोजत. एका रीतीत नाकाशी आणि शेपटाच्या टोकाशी खुंट्या ठोकून सरळ अंतर घ्यायचं. दुसरीत डोकं, मान, पाठ यांच्या चढउतारांवरून फीत न्यायची. या दुसऱ्या रीतीत काही इंच फुकटचे मिळतात. जिम कॉर्बेटने 1930 साली मारलेला पोवळगडचा नामांकित वाघ 10 फूट 7 इंच भरला, तो अंगावरून फीत नेऊन, आणि त्यात शेपूटही आलं. उत्तर प्रदेशात 1967 साली मारलेल्या एका वाघाचं वजन 389 किलो नोंदलं गेलं. आजवरचा सर्वांत वजनदार जंगली वाघ म्हणून त्याचं नाव सांगतात. मात्र मरण्यापूर्वी त्याने रेडकू खाल्लं होतं. भुकेला वाघ एका बैठकीत 30 किलो मांस सहज रिचवतो, तेव्हा त्या आकड्यात रेडकाचाही वाटा धरायला हवा.

पुढे रेडिओ कॉलर आल्या आणि जिवंत वाघ काट्यावर चढू लागले. नागरहोळे आणि नेपाळमधलं चितवन इथले मोठे नर 200 किलोंच्या वर भरले. त्याच जातीच्या सुंदरबनातल्या माद्या मात्र 80 किलोंच्या आत निघाल्या. नागरहोळे-चितवनच्या वाघापुढे सांबर असतं, गवा असतो. खारफुटीच्या दलदलीतल्या वाघाचं मुख्य भक्ष्य चितळ. ज्या रानात जसं ताट वाढलेलं, तसं तिथल्या वाघाचं अंग.

सिंहाची गोष्ट आणखी मजेची. गीरचा नर 160 ते 190 किलोंचा, मादी 110 ते 120 किलोंची. आफ्रिकेतला नर याहून थोराड. तरी ऐन भरातल्या वाघाशेजारी सिंहच मोठा वाटतो, कारण त्याला आयाळ आहे. गीरच्या सिंहाची आयाळ तोकडी, त्यातून कान स्पष्ट दिसतात. पीटन वेस्ट आणि क्रेग पॅकर यांनी सेरेंगेटीत सिंहांचे बाहुले मांडून पाहिले आणि 2002 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सिंहिणी काळ्या आयाळीकडे वळल्या, नर मात्र तिच्यापासून लांबच राहिले. म्हणजे सिंहसुद्धा दुसऱ्या सिंहाला दिसण्यावरूनच जोखतो. आपल्या आजोबांनी वेगळं काय केलं होतं?

आजोबांचा किस्सा मी दोन वर्षं सगळ्यांना रंगवून सांगितला. मग विदर्भात, ऐन वैशाखात, पहिल्यांदा वाघाला डार्ट मारायची वेळ आली. तो पळसाआडून उठला आणि एकदाच गुरगुरला. माझ्या छातीत ती गुरगुर बसली. मी 230 किलो धरून मात्रा भरली. वाघ पडला, झोळीत आला, आणि काट्याने 178 सांगितले.

डार्टमध्ये दोन औषधं होती. झायलाझीनवर उतारा आहे, केटामिनवर नाही. ते शरीराने आपलं आपण निपटायचं. वाघाचा ताप चढत होता. वनमजुरांनी कॅन भरभरून पाणी आणलं, आम्ही त्याच्या पोटावर, जांघेत ओतत राहिलो. मी श्वास मोजत होते. "दोन घंटे झाले मॅडम," कुणीतरी हळूच म्हणालं. आणखी बऱ्याच वेळाने त्याचा कान हलला, मग मान उचलली गेली. आम्ही सगळे गाडीत चढलो, आणि तो झोकांड्या खात बांबूत शिरला.

काटा कुणाचा मारत होता, हे त्या दिवशी मला कळलं.

आता फोन आला की मी "केवढा आहे?" असं विचारत नाही. विचारते, "उसाच्या बांधाशी उभा होता तेव्हा पाठ बांधाच्या वर दिसत होती का?" पलीकडचा माणूस थोडा थांबतो, आठवतो. मग बहुतेक वेळा कालवडीचं वासरू होतं.