माणशी दोन बादल्या

मार्चमध्ये होस्टेलचं पाणी गेलं. छत्रपती संभाजीनगरात ही काही बातमी नव्हे! टँकर आला की तळमजलेवाले पिंपं भरून घ्यायचे, तिसऱ्या मजल्यावर आम्ही कोरडे. आम्ही पडलो सिव्हिलवाले. लगेच पंपाची हॉर्सपॉवर काढायला बसलो.

तेव्हा विलासराव साळुंखे आठवले. तेही इंजिनिअरच. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात त्यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या हिशेबाने नाही, माणसांच्या हिशेबाने दिलं : माणशी अर्ध्या एकरापुरतं. भूमिहीनांनाही हक्क. उसाला मात्र मनाई, कारण तो सगळ्यांचं पाणी एकटाच पितो. (हा फॉर्म्युला आमच्या सिलॅबसात नाही.)

मग आम्हीही ठरवलं, माणशी दोन बादल्या. पहिल्याच दिवशी तिसरी बादली भरताना पकडला गेलो तो मीच.